हौद्याची कल्हई

डेट्रॉईटच्या पोटात, सुमारे 1,200 फूट खाली, मिठाची खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती खणली जाते आहे आणि तिचे बोगदे डिअरबॉर्नच्या खालपर्यंत पोचले आहेत. वर डिअरबॉर्नला फोर्डचा कारखाना. तिथून एफ-150 पिकअप बाहेर पडतात. खालून निघालेलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात, बर्फ वितळतो, आणि ते खारं पाणी वर बनलेल्या जुन्या पोलादी गाड्यांचे पत्रे खातं. एकाच गावाने गाडीही घडवावी आणि तिला लागणारा गंजही पुरवावा, अशी स्वयंपूर्णता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

म्हणून मिशिगनमध्ये जुनी गाडी बघायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज नंतर ऐकतो. आधी गुडघ्यावर बसून चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा बोटांनी चाचपतो. आम्हीही चाचपल्या. पिकअप जुनी होती, पत्रा पोलादी, इंजिन धडधाकट. हौद्याची मात्र दैना झालेली. आधीच्या मालकाने त्यातून काय काय वाहिलं होतं देव जाणे, पण तळावर एक हात जागा अशी नव्हती जिथे ओरखडा नाही. रंग उडाला होता तिथे तांबूस ठिपके धरायला लागले होते, पत्रा मात्र कुठे फुटला नव्हता. नवऱ्याचं मत पडलं की गाडी घ्यावी, हौद्याचं काय ते नंतर बघून घेऊ. आमच्या घरात 'बघून घेऊ' म्हटलेली कामं माझ्या खात्यावर जमा होतात.

घेतली कशाला, तर गणपतीसाठी. दर सप्टेंबरात मंडळाचं मखर, चौरंग, घडीची टेबलं, स्पीकर आणि ढोल कुणाच्या ना कुणाच्या तळघरातून हॉलवर न्यायचे असतात, आणि दर वर्षी त्यासाठी कुणाकडे मोठी गाडी आहे याची फोनाफोनी चालते. शिवाय बागेतली माती, पालापाचोळा, मुलीची सायकल ही बारा महिन्यांची कारणं होतीच. पूर्ण आकाराच्या अमेरिकन पिकअपच्या हौद्यात चाकांवरच्या दोन उंचवट्यांमध्ये 48 इंचांहून थोडी जास्त जागा सोडलेली असते. इथला प्लायवूडचा तक्ता चार फूट बाय आठ फूट येतो, तो त्या उंचवट्यांमध्ये तिरपा न करता सपाट बसावा म्हणून. सगळा देश ज्या मापाने घरं बांधतो त्या मापाने गाडीही बेतलेली. आमचं मखरही मग चार फुटी तक्त्यांचं झालं. देखाव्याची कल्पना कुणीही मांडो, अंतिम निर्णय हौदा देतो.

फोर्डने कारखान्यातून तयार पिकअप विकायला काढली ती 1925 साली, मॉडेल टीच्या मागे छोटा हौदा जोडून, 281 डॉलरला. त्याआधी शेतकरी स्वतःच गाडीची मागची बाजू कापून तिथे खोकं ठोकत. पुढे बरीच वर्षं अनेक पिकअपच्या हौद्यांचा तळ लाकडी फळ्यांचा असायचा. फळी झिजली, कुजली, की काढून दुसरी टाकायची. तळ पत्र्याचा झाला आणि ही सोय गेली. पत्रा फळीपेक्षा टिकाऊ खरा, पण त्याचा रंग एकदा खरवडला की तो बदलता येत नाही, राखावा लागतो. मधल्या काळात हौद्यात माणसंही बसली. 1964 साली अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात बसवली (युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला होता, त्याचं हे उट्टं), आणि ती चुकवायला सुबारू कंपनीने आपल्या छोट्या ब्रॅट पिकअपच्या हौद्यात चक्क दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या. खुर्च्या आहेत म्हणजे ही प्रवासी गाडी, ट्रक नव्हे! ती जकात आजही चालू आहे. कायद्याला पळवाटा शोधण्यात आपणच तरबेज, असा समज असणाऱ्यांनी ही हकिगत लक्षात ठेवावी.

हौदा राखण्याचे पूर्वीचे उपाय म्हणजे रबरी मॅट, नाहीतर घट्ट प्लास्टिकचं तयार लायनर. साच्यातून काढलेलं, हौद्याच्या आकाराचं, आत नुसतं ठेवून स्क्रूने आवळायचं. दिसायला चोख. पण प्लास्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. वाळूचे कण शिरतात, गाडीच्या हादऱ्यांनी लायनर थरथरतं आणि ते कण खालचा रंग महिनोन्महिने घासत राहतात. काही वर्षांनी लायनर उचललं तर वर लखलखीत प्लास्टिक आणि खाली चाळण. या दुखण्यावर उतारा म्हणून फवाऱ्याने चढवायचं लायनर आलं. पत्र्यालाच चिकटून बसणारा जाड, खरबरीत, किंचित लवचिक थर. मध्ये फट नाही, म्हणून पाण्याला वाव नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा इथे जोरात सुरू झाला, आणि आता गावोगावी त्याची दुकानं आहेत.

तासगावला माझा आतेभाऊ बोलेरो पिकअपमधून द्राक्षाचे क्रेट वाहतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं समजावून सांगितलं. दुकानात करून घेतलं तर साधारण 500 ते 700 डॉलर, घरी केलं तर साहित्याचा खर्च त्याच्या चौथाईत, पण अंगमेहनत आपली. त्याने डॉलरला रुपयांनी गुणलं आणि म्हणाला, "ताई, एवढ्यात आमच्याकडं हौद्याला आख्खा नवा पत्रा ठोकून देत्यात. वर चेकर्ड प्लेट." खोटं नाही. जिथे वेल्डिंगवाल्याचा दिवस स्वस्त आहे तिथे पत्रा बदलतात. जिथे त्याचा तास महाग आहे तिथे पत्र्याला लेप देतात. तासगावचा हौदा रोज भरतो, रोज रिकामा होतो, आणि झिजण्याला तिथे कुणी दुःख मानत नाही. इथे पिकअप आठवडाभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि शनिवारी तिच्यात दोन झाडांच्या कुंड्या येतात. तरी जिवाला घोर हौद्याचाच.

2016 साली शेव्हरोलेने एक जाहिरात केली होती. स्वतःच्या पोलादी हौद्यात आणि फोर्डच्या ॲल्युमिनियमच्या हौद्यात वरून 825 पौंड वजनाचे काँक्रीटचे ठोकळे ओतले. पोलादाला पोचे आले, ॲल्युमिनियमला भोकं पडली. लोकांनी ते बघून आठवडेच्या आठवडे वाद घातले. काँक्रीटचे ठोकळे असे उंचावरून कोण ओततं, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

आता मुद्द्याचं. फवाऱ्याने चढवायचा हा लेप म्हणजे साधा रंग नव्हे. दुकानांतल्या यंत्रातून बहुधा पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन, किंवा दोन्हींचं मिश्रण, येतं. दोन द्रव वेगवेगळ्या नळ्यांतून तापवून, प्रचंड दाबाने, बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. घरी करायच्या संचात हीच क्रिया सावकाश होते. आम्ही आणलेलं रॅप्टर नावाचं ब्रिटिश कंपनीचं साहित्य असं असतं: बाटलीत तीन भाग मूळ द्रव, त्यात एक भाग हार्डनर ओतायचा, दोनेक मिनिटं हलवायची, आणि बाटली थेट फवारणीच्या बंदुकीला पिळून बसवायची. त्यानंतर साधारण तासाभरात ती संपवायची. नंतर ती तुमची राहत नाही, दगड होते.

या दोन्ही प्रकारांत हार्डनरच्या बाजूला आयसोसायनेट असतं. हे नाव भारतीय वाचकाला शिकवावं लागत नाही. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये गळलं ते मिथाइल आयसोसायनेट. लायनरमधली आयसोसायनेटं त्याच कुळातली, पण जड. ती तशी चटकन हवेत उडत नाहीत. उडवतो आपण, फवारून. त्याचे बारीक थेंब श्वासातून आत गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकायला लागलं की पुढे अगदी किंचित मात्राही चालत नाही. वास येईल तेव्हा खिडकी उघडू, असंही म्हणता येत नाही, कारण वास जाणवेपर्यंत सुरक्षित पातळी बहुधा ओलांडलेली असते. मिशिगनमध्येच 2003 साली बंद गाडीच्या आत हे लायनर फवारणारा एक कारागीर दम्याच्या झटक्याने गेला. 2006 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, निऑशने, खास ट्रकच्या लायनरच्या कामाबद्दल इशारा काढला. यूट्यूबवर मात्र अर्ध्या चड्डीत, तोंडाला कागदी मास्क लावून, गॅरेजचं दार अर्धवट बंद करून हौदे फवारणारे महाभाग शेकड्याने सापडतात. त्यांच्या हौद्याचा दाणा सुरेख येतो. छातीचं काय होतं ते चित्रफितीत दिसत नाही.

धाकटा दीर टोलेडोहून कॉम्प्रेसर घेऊन आला. ओहायोची हद्द ओलांडली की तासाभराचं अंतर. रंगकामाच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून त्याने नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्कही आणला होता, आणि फवारणी आपणच करायची हे येतानाच ठरवून आला होता. मास्क तोंडाला घट्ट बसला पाहिजे, कडेने हवा शिरता कामा नये. दिराला छातीपर्यंत दाढी. नवऱ्याने लॉकडाऊनमध्ये राखलेली अजून उतरवलेली नाही. दाढीवर मास्क बसत नाही, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं. मी ते दोघांना वाचून दाखवलं. बंदूक माझ्या हातात आली. दीर म्हणाला, "वहिनी, हा अन्याय आहे." मी म्हटलं, "वस्तरा आत आहे, भाऊजी."

पण बंदूक हातात यायच्या आधी घासणं होतं, आणि घासणं हेच या कामाचं खरं काम आहे. कंपनीच्या रंगाला वरून चकाकी असते. त्या चकाकीवर काहीही चिकटत नाही. चिकटल्यासारखं दिसतं आणि पुढच्या हिवाळ्यात पापुद्र्यांनी सुटतं. म्हणून आधी हौदा साबणाने धुवायचा, मग तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसायचा, आणि मग लाल रंगाची खरबरीत घासणी घेऊन सगळ्या पत्र्याची चकाकी मारायची. क्रम चुकवून चालत नाही. आधी घासलं तर तेल त्याच ओरखड्यांत भरतं. तळाला उभ्या पन्हळी असतात. त्यांची माथी पटकन घासून होतात. पन्हळींच्या भिंती आणि त्यांचे कोपरे तेवढे बोटांना सोलून काढतात. केबिनच्या बाजूचा कोपरा सगळ्यात वाईट. तिथे तीन पत्रे एकत्र येतात, सांध्यात मेणासारखं सीलंट असतं, आणि वर्षानुवर्षांची माती पाण्याबरोबर तिथेच येऊन बसलेली असते. जुन्या टूथब्रशने ती काढली तर आतून पाइनच्या सुया निघाल्या, गारगोट्या निघाल्या, एक पेन्सिलीचं टोपण निघालं. तांबूस ठिपक्यांवर पॉलिश पेपर मारून उघडा, पांढरा पत्रा दिसेपर्यंत जायचं आणि त्या जागी प्रायमर लावायचा. गंजावरच लेप चढवला तर गंजाला कुलपाआड निवांत जागा मिळते. तळाची पाणी निघायची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत कापसाचे बोळे घातले. कड्या, दिवे, फाळक्याची बिजागरं यांना मास्किंग टेप.

पलीकडच्या घरातले गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यातल्या बॉडी शॉपमधून निवृत्त झालेत. संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना थांबले. कोणतं साहित्य आणलं, किती कोट देणार, काही विचारलं नाही. हात लांब करून तळव्याने तळ चाचपला, बोट कोपऱ्यात घातलं, निरखून बघितलं, आणि म्हणाले, "अजून घास." आणि गेले. एवढ्या कमी शब्दांत इतकं अचूक परीक्षण मराठी समीक्षेतही मिळणार नाही.

सासूबाई उन्हाळ्यासाठी आल्या होत्या. गॅरेजच्या सावलीत खुर्ची टाकून त्या माझं घासणं बघत होत्या. मी हौद्यात उभी, पायाखाली घासणी, आणि हात दुखायला लागले म्हणून टाचेने दाब देऊन कमरेतून वळत पन्हळी घासतेय. त्या एकदम हसायला लागल्या. "अगं, तू कल्हईवाल्याचं पोरगं झालीस!" कऱ्हाडच्या त्यांच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. सोबत एक मुलगा. मोठं पातेलं असलं की तो मुलगा अनवाणी पातेल्यात उतरायचा, पायाखाली वाळू आणि चिंधी घ्यायचा, दोन्ही हातांनी भिंतीचा आधार धरायचा आणि कमरेला हिसके देत गर्रकन अर्धा इकडे, अर्धा तिकडे वळत पातेलं घासायचा. वाड्यातली पोरं ते बघायला जमायची. मग बाप भाता मारायचा, भांडं निखाऱ्यावर तापायचं, नवसागराची पूड टाकली की भसकन पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी भांड्याला टेकवली की ती वितळायची आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात सगळं भांडं आतून रुपेरी व्हायचं. पाहणाऱ्याला धूर आणि रुपेरी झळक तेवढी लक्षात राहते. पण घासण्यात कसर राहिली तर कथील त्या जागी धरत नाही, आणि महिन्याभरात ताक कळकतं. शिव्या मात्र बापाला बसतात.

मी त्यांना विचारलं, कल्हई लावलेली भांडी तुम्ही कशी ठेवत होता, जपून? त्यांना प्रश्नच कळला नाही. "जपून कशाला? कल्हई केली म्हणजे आमटी करायला मोकळ्या झालो." त्या भांड्यात चिंच पडायची, ताक पडायचं, लग्नाकार्यात अख्ख्या आळीत ती फिरायची. कल्हई झिजायची, ती झिजायलाच होती. झिजली की कल्हईवाला परत यायचा.

याच सासूबाईंनी पुण्याच्या फ्लॅटमधल्या टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. सोफ्यावर चादर, चादरीवर आणखी एक चादर, फ्रिजच्या दांड्याला विणलेलं कव्हर. चादरींखालचा सोफा कोणत्या रंगाचा आहे हे मी सून होऊन इतकी वर्षं झाली तरी खात्रीने सांगू शकणार नाही. एकाच बाईच्या घरात जपण्याच्या या दोन रीती नांदत आल्या आणि त्यांचं आपसांत कधी वाजलं नाही. प्लास्टिक घालतो ते वस्तूला आपला हात लागू नये म्हणून. कल्हई करतो ती हात, आंबट, तिखट सगळं बिनधास्त लागू द्यावं म्हणून. मध्यमवर्गाने पहिली रीत मोठ्या निष्ठेने पाळली, आणि तिच्यापायी आपल्या कितीतरी चांगल्या वस्तू न वापरताच जुन्या झाल्या. लग्नातला डिनर सेट, परदेशातून आलेला पेनचा डबा, दिवाणखान्यातली ती एक खुर्ची. अमेरिकेत येऊन हे सुटेल असं वाटलं होतं. इथे तर लोकांनी सत्तर हजार डॉलरच्या पिकअप घेतल्या आणि हौद्यात काही ठेवायचं म्हटलं की आधी घोंगडी अंथरली. फवारलेलं लायनर मला आवडलं ते यासाठी, की ते दुसऱ्या रीतीचं आहे. ते चढवल्यावर हौद्याची काळजी करायला कारण उरत नाही. आणि तरीही काही जण ते चढवून घेतात, वरून कडक झाकण बसवतात आणि हौदा रिकामाच ठेवतात. त्यांच्यापुढे हात टेकले.

फवारणीला दिवस कोरडा निवडला. आयसोसायनेटला पाणी आवडतं, इतकं की हवेतला दमटपणाही ते पकडतं. मग आतल्या आत कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि लेपात बुडबुडे धरतात. जूनमधली सकाळ, ऊन तापायच्या आधीची वेळ, गाडी गॅरेजबाहेर मोकळ्यावर. सासूबाई, मुलगी आणि दोन्ही दाढ्या घरात, खिडक्या बंद. अंगात डोक्यापर्यंतचा कागदी सूट, मास्क, हातमोजे. नळीतून हवा येते तिचा कानाजवळ सतत सूं आवाज असतो आणि बाहेरचं जग एकदम लांब जातं.

पहिला हात पातळ मारायचा. खालचा रंग आरपार दिसत राहतो आणि मनात पाल चुकचुकते, पण तो हात झाकण्यासाठी नसतोच, धरण्यासाठी असतो. आधी केबिनकडची भिंत, मग दोन्ही बाजू, मग तळ. मागे मागे येत फाळक्यापर्यंत. बंदूक पत्र्यापासून साधारण हातभर लांब, आणि हात थांबता कामा नये. थांबला की तिथे ओघळ. हवेचा दाब कमी केला तर दाणा जाड उठतो, वाढवला तर बारीक. पन्हळीच्या भिंतीवर सरळ मारलं तर माथ्यावर थर बसतो आणि भिंत कोरडी राहते, म्हणून एकदा डावीकडून तिरपं, एकदा उजवीकडून. थेंब पडताना ओले, चकचकीत दिसतात. बघता बघता त्यांची चमक विझते, कडा एकमेकींत मिसळतात आणि दाणा उभा राहतो. तो क्षण मी दुसऱ्या हाताच्या वेळी मुद्दाम वाकून बघितला. तासाभराने दुसरा हात. राहिलेली अर्धी बाटली चाकांवरच्या उंचवट्यांना आणि फाळक्याच्या आतल्या बाजूला, जिथे सामान पहिल्यांदा आदळतं. लेप पूर्ण घट्ट व्हायच्या आत मास्किंग टेप काढून घ्यायची. उशीर झाला तर ती लेपासकट निघते.

मग थांबायचं. दोन-तीन दिवस हलकं सामान चालतं, जड ओझ्याला आठवडा द्यावा. शेजारचे गृहस्थ पुन्हा आले, पुन्हा तळवा फिरवला. यावेळी काहीच बोलले नाहीत, आणि दीर म्हणाला, हे पास झाल्याचं लक्षण.

गुण सांगितले तसे दोषही सांगायला हवेत. हा तळ सामान धरून ठेवतो, वळणावर खोकी सरकत नाहीत. पण तुम्हालाही ती सरकवता येत नाहीत. पूर्वी फाळक्यावर टेकवून एक ढकल दिली की खोकं केबिनपर्यंत जायचं, आता उचलून नेऊन ठेवावं लागतं. आत रांगत जायचं झालं तर गुडघे सोलतात. झाडलं तर धूळ दाण्यांत अडकून राहते, पाण्याचा मारा लागतो. स्वस्तातल्या काही लेपांचा काळा रंग दोन उन्हाळ्यांत उन्हाने राखाडी पडतो. आणि एकदा चढवलेला लेप काढायचा म्हटलं तर तो काढणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही, म्हणून चढवण्याआधी नीट विचार करावा.

गेल्या सप्टेंबरात पहिला मोठा भार गेला. मखराचे तक्ते, चौरंग, स्पीकर, आणि ढोल. ढोलांच्या कड्या आणि नटबोल्ट पत्र्याची कशी वाट लावतात हे ज्यांनी ढोल वाहिले त्यांना ठाऊक आहे. पथकातली पोरं ढोल नेहमीच्या सवयीने अलगद ठेवायला लागली. आधीच्या वर्षी ज्यांची गाडी होती त्या काकांनी त्यांना तसं बजावलेलं होतं, आणि त्यात काकांचं काही चुकलं नव्हतं; गाडी नवी होती. मी म्हटलं, टाका रे! त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि टाकले. नवऱ्याने डोळे मिटले. कोपऱ्यातला ढोल उचलल्यावर मी बॅटरी मारून बघितलं. एक फिकट रेघ होती. अंगठ्याने पुसली, गेली.

तेव्हापासून पिकअप घरात कमी आणि लोकांकडे जास्त असते. कुणाचं घर बदलायचं असतं, कुणाला अंगणासाठी खडी आणायची असते, एकाने तर जुना पियानो नेला. माझी काही हरकत नाही. सप्टेंबरात ती मंडळाची. बाकी महिन्यांत ज्याला हवी असेल त्याने आदल्या दिवशी फोन करावा, खडी आणली तर हौदा धुऊन द्यावा, आणि टाकी भरून परत करावी.